माझी घरघंटी आणि वैनींचे उपवास

घरघंटी घेऊन मला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी जेवढं दळलं तेवढं केजच्या चौकातल्या गिरणीवाल्यानंही दळलं नसेल. हे मी फुशारकीनं नाही, वैतागून सांगते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, गिरणीवाली नाही. पण आमच्या गल्लीत कुणाला ते पटत नाही.

घरघंटी घेतली ती ब्रेडसाठी. हे बँकेतून रिटायर झाले, घरी बसले आणि ह्यांची साखर वाढली. डॉक्टरांनी मैदा बंद सांगितला. आता ह्यांना भाकरी चालते, पोळी चालते, पण चहाबरोबर ब्रेड नसला की ह्यांचा चेहरा सुतकी होतो. दुकानातला ब्राऊन ब्रेड आणला, तर पाकिटामागच्या बारीक अक्षरांत पहिलाच शब्द मैदा. मग मीच म्हणाले, घरी करते. ते एक वाक्य मी का बोलले, याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

चौकातल्या गिरणीचं पीठ ब्रेडला चालेना. आपल्या आधी कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, कुणाची हरभऱ्याची डाळ. दोन मुठी परकं पीठ आपल्या डब्यात येणारच. त्यात पीठ इतकं तापून येतं की डबा कडेवर धरवत नाही. ब्रेड फुगायचा सोडून आडवा व्हायचा. मग मोबाईलवर कुणीतरी सांगितलं की गहू घरीच दळा, ताजा दळा, जरा जाडसर दळा. झालं. छोट्या फ्रीजएवढं एक कपाट आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभं राहिलं. वरून धान्य ओतायचं, आत जाळी बदलायची, दार लावायचं, खाली डब्यात पीठ. दार नीट लागलं नाही तर ती सुरूच होत नाही. लाईट गेली तर अर्धा गहू आत अडकून बसतो, आणि आमच्याकडे लाईट कधी जाईल ते लाईटवाल्यांनाही माहीत नसतं.

पहिला ब्रेड मी साठवणीतल्या गव्हाचा केला. वर्षाचा गहू आम्ही एरंडेल चोळून ठेवतो, कीड लागू नये म्हणून. पोळीत ते तेल कधी जाणवत नाही, पण ब्रेड ओव्हनमधून काढला आणि घरभर लहानपणी जुलाबाचं औषध पाजायचे तो वास सुटला. ह्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "छान आहे. पण उद्या मला बाहेर जायचंय, त्यामुळे जास्त नको." दुसऱ्या वेळी मी बिनतेलाचा गहू मुद्दाम बाजारातून आणला. तो ब्रेड विटेसारखा झाला. तिसरा बाहेरून करपला, आतून कच्चा. मोबाईलवरची बाई सांगायची, पीठ दोन तास उबदार जागी ठेवा. मे महिन्यात केजमध्ये उबदार जागा शोधायची गरज नसते. अर्ध्या तासात पीठ भांड्याबाहेर येऊन ओट्यावर पसरलं होतं.

पण मी हट्टी आहे. ताज्या पिठाला पाणी जास्त लागतं हे कळलं. भिजवून तासभर नुसतं ठेवायचं, मगच मळायचं, हे कळलं. उन्हाळ्यात माठातलं गार पाणी घ्यायचं, हेही कळलं. सातव्या की आठव्या वेळेला ब्रेड असा वर आला की मी शाळेला उशीर करून त्याच्याकडे बघत बसले. तपकिरी, वर खमंग कवच, आत मऊ. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा वैनींना द्यायचा.

वैनी म्हणजे आमची शेजारीण. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि त्या भिंतीवरून आमचं अकरा वर्षं सगळं चाललेलं आहे. मला टायफॉइड झाला तेव्हा ती बाई रोज दुपारी माझ्या उशाशी बसायची, डोक्यावर पट्ट्या ठेवायची. तिच्या हातचा शेंगदाण्याचा ठेचा मी बशी चाटून खाल्लाय. ती नारायणगडाला जाऊन आली की पहिला प्रसाद माझ्या हातावर. आणि मी काही दिलं की तिचा उपवास.

आधी मला ते कळलं नाही. सोमवारी खीर दिली, तर सोमवार. गुरुवारी शंकरपाळे दिले, तर गुरुवार. ठीक आहे, असतात बायकांचे उपवास. मग चतुर्थी आली, एकादशी आली, प्रदोष आला, शनिवार आला. मी चिडून एकदा कॅलेंडर घेऊन बसले आणि उपवासाचा वार नाही, तिथी नाही असा दिवस शोधून पुरणपोळी दिली. त्या दिवशी ती नाही म्हणाली नाही. "ठिवा म्याडम, सांच्याला खाते," म्हणाली. सायंकाळी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. खाली तिच्या अंगणात शेळी बांधलेली होती आणि माझी पुरणपोळी शेळीच्या तोंडात होती.

आम्ही बौद्ध आहोत. आमच्या दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि ती फाटकातूनच दिसते. मी लहानपणापासून काय काय पाहिलंय ते इथे सांगत बसत नाही. पण टायफॉइडमध्ये माझा घाम पुसणाऱ्या हाताला माझ्या घरची पोळी चालत नाही, हे मला पचेना. मला राग आला. राग आला आणि तरी दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीवरून कढीपत्ता मागितला, तेव्हा मी तो तोडून दिला. माझ्या या स्वभावाचाच मला जास्त राग येतो.

मला तिच्याकडून माफी नको होती, भाषण नको होतं. तिनं माझ्या घरचा एक घास माझ्यासमोर खावा, एवढंच मला हवं होतं. एक. त्या फुगलेल्या ब्रेडचा तुकडा मी भिंतीवरून पुढे केला तो याच आशेनं. त्याला ना सण, ना वार, ना जुनी रीत. नवीनच पदार्थ, म्हटलं याला तरी तिच्या घरात काही नियम नसेल. तिनं वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "काय घमघमाट सुटलाय ओ म्याडम! पर आज माझा उपास हाय."

मग तिची नजर घरघंटीकडे गेली. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं. "ह्यात गहू पन निगतो का? बारीक?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर स्टीलचा डबा, आत चार किलो गहू.

मी दळून दिला. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घरची एक बाई तिला अंगणात विचारत होती, "त्यांच्या घरी दळतीस व्हय गं?" मी आत भांडी घासत होते. खिडकीतून वैनींचा आवाज स्वच्छ आला. "दळणच हाय की, कोरडं. कोरड्याला काय हुतंय?"

झालं. गल्लीला परवानगी मिळाली. डब्यांची रांग लागली. "म्याडम, दोनच किलो." "म्याडम, जरा रवाळ काढा, लाडवाला पायजे." "म्याडम, तुमी शाळंतून आल्यावर, घाई न्हाई." एकीनं तर हळकुंडं आणली. मी हात जोडून परत पाठवली, ती बाई आजही माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातानं ओतलेला गहू चालत होता, माझ्या डब्यात पडलेलं पीठ चालत होतं, माझ्या चाळणीतून चाळलेलं चालत होतं. त्यात माझ्या घरचं पाणी पडलं की मात्र सगळ्यांना उपवास. मी हे ह्यांच्याजवळ बोलले, तर ह्यांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "मग दळू नको." बरोबर आहे. एवढं सोपं असतं तर मी दळलंच नसतं.

वैनींचं मात्र मी दळत राहिले. का, ते मला विचारू नका. मनात एक होतंच, की माझ्या हातचं पीठ तिच्या पोटात जातंय, आज ना उद्या पुढचंही जाईल. ब्रेड झाला की मी तुकडा पुढे करायची, ती वार सांगायची. असं तीन वर्षं चाललं. खोटं सांगताना तिची मान जराशी डावीकडे वळायची आणि मला तेही पाठ झालं होतं.

पण नवरात्राचे नऊ दिवस तिचा उपवास खरा असतो. त्यात खोट काढायची माझी हिंमत नाही. नऊ दिवस ती फक्त भगर, राजगिरा, साबुदाणा खाते, पायात चप्पल घालत नाही, आणि दिव्याला तेल घालायला पहाटे उठते. या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी तिनं भगर आणि राजगिरा आणून ठेवला. "म्याडम, तेवडी गव्हाची कणी ऱ्हाऊ देऊ नका आत. गहू गेला तर माझा उपास मोडंल." मी शाळेतून आले, पदर खोचला, घरघंटी उघडली. ब्रशनं कोपरे झाडले. जाळी धुऊन उन्हात वाळवली. आतली कापडी पिशवी उलटी करून झटकली. तास मोडला, नाकातोंडात पीठ गेलं, पाठ दुखायला लागली. माझ्या स्वतःच्या ब्रेडसाठी मी घरघंटीला कधी एवढी आंघोळ घातली नव्हती. मग वाळलेले कपडे काढायला पाच मिनिटं गच्चीवर गेले, येऊन वैनींची भगर दळली, मग राजगिरा, आणि डबे भिंतीवर ठेवले.

तिसऱ्या माळेच्या दिवशी रविवार होता. सकाळी मी ब्रेड केला आणि तो आजवरचा सगळ्यात चांगला झाला. हे तुकडा चघळत म्हणाले, "घरघंटी पण आता मस्त चालते. त्या दिवशी तू एवढी साफ केलीस ना, मग कपडे काढायला गच्चीवर गेलीस तेव्हा मी मूठभर गहू टाकून बघितले. म्हटलं नीट जोडलीय का, बघावं."

मी हातातली सुरी खाली ठेवली. "कधी? भगर दळायच्या आधी?"

"हो. मूठभरच. कावून, काय झालं?"

काय झालं! बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस. घरात कधी एक कपबशी विसळली नाही, आणि नेमकं त्याच दिवशी, त्याच पाच मिनिटांत ह्यांना मदत करायची हुक्की आली. मी जे बोलायचं ते बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग बसले. सांगायचं की नाही? न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? माझ्या मनात हेही आलं, की अकरा वर्षं हिनं मला खोटे उपवास सांगितले, आता एक गोष्ट मी लपवली तर काय बिघडलं. पण हा उपवास खरा होता. खऱ्या उपवासाशी माझं कधीच भांडण नव्हतं. मी उठले आणि भिंतीपाशी जाऊन हाक मारली.

वैनी आली. अनवाणी, बोटाला कुंकू तसंच. मी सरळ सांगितलं. "वैनी, तुमच्या भगरीत गहू गेलाय. मी साफ केली होती, पण ह्यांनी मधेच मूठभर टाकले. मला आजच कळलं. माझं चुकलं."

तिचा चेहरा उतरला. "म्हंजे तीन दिस मी गहू खाल्ला?" भिंतीला टेकून ती खाली बसली. पदर डोळ्याला लावला. मी आता शिव्या खायच्या तयारीनं उभी होते, पण ती माझ्यावर रागावलीच नाही. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं. "तुमी सांगितलं, हे लई झालं. दुसरी कुनी असती तर बोलली नसती. नकळत झालंय, देवीला समदं दिसतंय." उठली, पदर सारखा केला. "मोडला म्हंजे मोडला. आज जेवते आता. उद्यापासून परत धरते."

आज जेवते आता. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी आत पळाले. होय, पळालेच, पन्नाशीची बाई. ब्रेड अजून कोमट होता. मधला, सगळ्यात मऊ तुकडा कापला, त्यावर साजूक तूप लावलं, बशीत ठेवला आणि भिंतीवर आणून ठेवला.

"घ्या वैनी. आज तर उपवास नाही."

ती बशीकडे बघत राहिली. माझ्याकडे बघितलं, परत बशीकडे. मी वाट बघत होते, की मान डावीकडे वळेल आणि ती काहीतरी सांगेल. पोट बिघडलंय म्हणेल, दात दुखतोय म्हणेल. तिनं मान वळवली नाही. तिचा हात भिंतीवर बशीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"माझ्यानं हुत न्हाई ओ, म्याडम," ती म्हणाली. "तुमी लई चांगल्या हाव. माज्या बहिनीपरीस जवळच्या हाव. मी खोटं बोलत आले तुमाला, मला म्हाईत हाय. पर हात फुडं येत न्हाई. घास घशाखाली उतरत न्हाई. काय करू मी?" आणि ती पुन्हा रडायला लागली.

अकरा वर्षं मला तिच्या खोट्याची चीड होती. आज ती खरं बोलली, आणि मला तिथं उभं राहून तिचे ते सोमवार, गुरुवार, शनिवार परत हवेसे वाटले. त्या खोट्यात निदान असं होतं की ती आज नाही तर उद्या खाईल. मी बशी उचलली आणि आत आले. तूप लावलेला तो तुकडा मीच खाल्ला, उभ्या उभ्या. चव चांगली होती.

दसरा झाला. त्यानंतरच्या रविवारी भिंतीवर नेहमीचा स्टीलचा डबा, नेहमीसारखा गहू. जणू काही झालंच नव्हतं. मी डबा उचलला नाही. ती अंगणात आली तेव्हा म्हणाले, "वैनी, माझ्या घरात कोरडं अन् ओलं वेगळं नाही. न्यायचं तर दोन्ही न्या. नाही तर दोन्ही नको."

 "लई कठीन बोलता, म्याडम," म्हणाली. तिनं डबा भिंतीवरून ओढून घेतला, कमरेवर घेतला आणि फाटकातून बाहेर पडली. चौकातल्या गिरणीपर्यंत दुपारच्या उन्हात चांगलं अंतर आहे. मी खिडकीतून बघत राहिले. मला वाटलं होतं, हे एकदा बोलले की मला बरं वाटेल. काही वाटलं नाही.

तासाभरानं ती परत आली. पदरावर, भुवयांवर पीठ उडालेलं. डबा आपल्या ओट्यावर ठेवून ती सरळ भिंतीपाशी आली, आणि मी बाहेर होते म्हणून मला म्हणाली, "काय सांगू म्याडम, मेल्यानं लई जाड काढलंय. अन् कुनाची तरी ज्वारी पन आलीय त्यात."

तिला सांगायला दुसरं कोण आहे! अकरा वर्षं जे काही व्हायचं ते तिनं या भिंतीवरच आणून सांगितलंय. मला म्हणायचं होतं, मग जा त्याच्याचकडे, मला कशाला सांगता. तोंडाशी आलेलं होतं.

"चाळून घ्या, वैनी," मी म्हणाले. "आणि पोळ्या करायच्या आधी जरा जास्त वेळ भिजवून ठेवा."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. मीही आत आले. ओट्यावर ब्रेड होता, सकाळीच केलेला. ह्यांनी त्यातले दोन तुकडे खाल्ले होते, बाकी सगळा तसाच. मी तो फडक्यात गुंडाळायला घेतला आणि मला रडू आलं. हे विचारायला लागले, तेव्हा मी सांगितलं की रागानं येतंय.